यादीत इंडिया नव्हता

"मॅडम, तुमच्या पॅसेंजरचा एस्टा झालाय ना?"

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता एअरलाइनच्या मुंबई ऑफिसातून फोन आला. मी टेबलावर पणजीच्या बसची तिकिटं वेगळी करत होते. एस्टा हा शब्द मी त्याआधी कधी ऐकलेला नव्हता. पण या धंद्यात अकरा वर्षं काढल्यावर असं काही माहीत नसेल तर ते पटकन कबूल करायचं नाही, अशी सवय लागते.

"बघून सांगते," मी म्हटलं.

"बघून नाही, करून घ्या. शनिवारी सकाळची फ्लाइट आहे. एस्टा नसेल तर काउंटरवर बोर्डिंग पासच निघणार नाही."

फोन ठेवल्यावर मी कपाटातलं नियमांचं जाड पुस्तक काढलं. कुठल्या देशाच्या पासपोर्टवाल्याला कुठल्या देशात जायला काय लागतं, ते त्यात लिहिलेलं असतं. ट्रॅव्हल एजंटचा सगळा भरवसा त्या पुस्तकावर. पासपोर्ट पोर्तुगालचा, जायचं अमेरिकेला, मुक्काम नव्वद दिवसांच्या आत. समोर स्पष्ट छापलं होतं, व्हिसा नको. हेच वाचून मी महिनाभरापूर्वी तिकीट काढलं होतं. मग मी पुस्तकाचं कव्हर पाहिलं. ते आदल्या वर्षीचं होतं. नवीन मागवायचं राहून गेलं होतं.

ही २००९ सालची गोष्ट. मालवणात एसटी स्टँडजवळ माझं छोटं ट्रॅव्हल ऑफिस होतं. मुख्य धंदा खासगी बसचा आणि कोकण रेल्वेच्या रिझर्वेशनचा. विमानाची तिकिटं महिन्याला चार-पाच, तीही बहुतेक दुबई-मस्कतची. अमेरिकेचं तिकीट मी आयुष्यात दुसऱ्यांदाच काढत होते आणि माझी पॅसेंजर होती शेवंताकाकी तांडेल. वय सदुसष्ट. मालवणच्या मासळी बाजारात पस्तीस वर्षं टोपली घेऊन बसणारी बाई.

मासळी विकणाऱ्या बाईकडे पोर्तुगालचा पासपोर्ट कसा, हे आधी सांगायला हवं. काकींचं माहेर तेरेखोल नदीच्या पलीकडचं, म्हणजे गोव्यातलं. त्यांचा जन्म झाला तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्या काळात तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. काकींचा मुलगा प्रकाश याला इंग्लंडमध्ये नोकरीला जायचं होतं. तेव्हा पोर्तुगीज पासपोर्ट असला की तिथे सहज काम करता यायचं. पण मुलाला तो मिळण्यासाठी आधी आईच्या जन्माची नोंद पोर्तुगालात करावी लागते. प्रकाशने पणजीच्या एका एजंटाला गाठलं. आईची नोंद झाली, मुलाचं काम झालं, आणि एजंटाने सुचवलं म्हणून काकींचाही पासपोर्ट काढून ठेवला. त्यावर नाव होतं जन्माच्या नोंदीतलं, पोर्तुगीज स्पेलिंगचं. माहेरच्या शेवंती परबचं झालं होतं Xevantim Porobo.

आता धाकटी मुलगी सुजाता न्यू जर्सीत होती. नववा महिना लागलेला. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. जावई दिवसभर कामावर. सुजाताच्या सासूबाई आधीच वारलेल्या. काकींनी तिथे पोचणं भाग होतं.

मी बाजारात निरोप पाठवला. काकी शेजारणीला टोपलीवर बसवून आल्या. पिशवीत लाल पासपोर्ट आणि निळसर रंगाचं दुसरं पुस्तक. हे दुसरं पुस्तक म्हणजे मूळच्या भारतीय माणसाला परदेशी नागरिक झाल्यावर मिळणारी भारतात राहण्याची कायमची परवानगी. तीही त्या एजंटानेच काढून दिली होती.

"काय झाला गो सुमन? तिकीट रद्द झाला?"

"नाय काकी. एक फॉर्म ऱ्हवलो. आता भरूया."

तोपर्यंत मी मुंबईला परत फोन करून, शरम बाजूला ठेवून, सगळं विचारून घेतलं होतं. समजलं ते असं. काही देशांच्या लोकांना अमेरिकेला जायला व्हिसा लागत नाही. पण त्या वर्षीच्या जानेवारीपासून त्यांनीसुद्धा निघण्याआधी इंटरनेटवर एक अर्ज भरून परवानगी घ्यायची. तोच एस्टा. पासपोर्टवर शिक्का नाही की स्टिकर नाही. परवानगी फक्त कॉम्प्युटरमध्ये असते, आणि एअरलाइनला ती तिकडे दिसते.

"म्हणजे व्हिसाच ना?" मी विचारलं होतं.

"नाही मॅडम, व्हिसा नाही."

"मग हा नसला तर जाता येतं?"

"नाही येत."

"मग व्हिसाच झाला की."

"व्हिसा नाही," एअरलाइनची बाई शांतपणे म्हणाली. मी नाद सोडला.

अर्ज उघडला. वरती भाषांची यादी होती. त्यात पोर्तुगीज होती, मराठी अर्थातच नव्हती. इंग्रजीत सुरुवात केली. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर. मग नागरिकत्वाचा देश. यादीतून निवडायचा होता. हात सवयीने 'आय'वर गेला. हंगेरीनंतर आइसलँड, मग आयर्लंड, मग इटली. इंडिया नाही. मी वर गेले, खाली आले. वाटलं, साइट चुकीची उघडली. दोन मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला. ही यादी व्हिसा न लागणाऱ्या देशांची होती. त्यात आपण असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्यांचा अर्ज मी भरत होते त्या बाई भारतीय नव्हत्याच.

मी पोर्तुगाल निवडलं. काकींना इंग्रजी येत नसलं तरी स्क्रीनवर मी काय शोधत होते ते त्यांनी ओळखलं.

"देश इचारतत? इंडिया घाल."

"इंडिया नाय घालूक येणा काकी. तुमचो देश पोर्तुगाल."

"कोणाचो?"

"तुमचो. पासपोर्ट तेंचो आसा ना."

"पासपोर्ट तेंचो आसा. मी खंय तेंची?" काकी हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं. "सुमन, समजान सांग माका. मी आता हयची नाय?"

मला वाटलं होतं हे त्यांना माहीत असेल. सह्या त्यांच्याच होत्या. पण मुलाने सांगितलं तिथे त्यांनी सही केली होती, एवढंच. आपल्या देशात दोन नागरिकत्वं ठेवता येत नाहीत. दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं जातं. मी जेवढं जमेल तेवढं सांगितलं. काकींनी हातातलं निळसर पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

"अवंदा मी वोट घातलंय," त्या हळूच म्हणाल्या.

त्या वर्षी लोकसभेची निवडणूक नुकतीच झाली होती. परदेशी नागरिकाने मत देणं बरोबर नव्हतं, एवढं मला कळत होतं. पुढे काय होतं, ते मला माहीत नव्हतं.

"परत इल्यावर तहसील ऑफिसात जावया," मी म्हटलं. "नाव कमी करूक सांगूया. आधी सुजाताचा बघूया."

सुजाताचं नाव निघाल्यावर त्या सावरल्या. "लिव मगे. काय व्हया ता लिव."

पुढे हो-नाहीचे प्रश्न होते. तुम्हाला संसर्गजन्य रोग आहे का? अमली पदार्थांचं व्यसन आहे का? मी एकेक प्रश्न मालवणीत करून विचारत होते. काकी प्रत्येक उत्तर विचार करून देत होत्या. हेरगिरी केली आहे का, या प्रश्नाला त्यांनी मला 'हेरगिरी'चा अर्थ विचारला. मी सांगितला. "बाजारात कोणाचो भाव किती ता बघतंय मी," त्या म्हणाल्या, "ता न्हय ना?" मी 'नाही'वर क्लिक केलं. महायुद्धाच्या काळात नाझींबरोबर तुमचा काही संबंध होता का, असाही एक प्रश्न होता. त्या वर्षांत काकी परकरसुद्धा नेसायला लागल्या नव्हत्या. तोही विचारला.

मग आला अटकेचा प्रश्न.

"काकी, तुमका कधी अटक झाली आसा?"

"होय," काकी म्हणाल्या.

"कधी?"

"तो मोर्चो न्हय? बाहेरसून मोठे ट्रॉलर येत, आणि किनाऱ्यार मासळी ऱ्हवणा नाय. आमी बायकांनी रस्तो अडवलो. पोलिसांनी गाडयेत घातल्यानी. सगळ्यांची नावां लिवन घेतल्यानी, चाय दिल्यानी, सांजे सोडल्यानी. मी, बाजारातली सखू, आणि पंचवीस-तीस बायका."

खाली सूचना होती की एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर परवानगी नाकारली जाऊ शकते. मग कॉन्सुलेटमध्ये रीतसर व्हिसा काढायचा. त्याला अपॉइंटमेंट, इंटरव्ह्यू, कितीतरी दिवस. सुजाताची तारीख तीन आठवड्यांवर आली होती.

मी प्रश्न परत वाचला. नुसती अटक नव्हती. 'मॉरल टर्पिट्यूड' असलेल्या गुन्ह्यासाठी अटक, असं काहीतरी होतं. डिक्शनरीत अर्थ सापडला, पण त्यातून उत्तर काही निघेना. समोरच्या गल्लीत देसाई वकील बसत. मी काकींना घेऊन तिकडे गेले.

वकिलांनी ऐकून घेतलं. "मी मालवणच्या कोर्टातला वकील. अमेरिकेचा कायदा मला विचारू नका," ते म्हणाले.

"शब्दाचा अर्थ तरी सांगा."

"नैतिक अधःपतन. म्हणजे चोरी, फसवणूक, खोटी कागदपत्रं. ज्यातून माणसाची नियतच वाईट होती असं दिसतं, ते." मग ते काकींकडे वळले. "गुन्हा दाखल झाला होता? कोर्टात बोलावलं होतं?"

"नाय. परत कोणी काय इचारल्यानी नाय."

"कोणाला मारहाण? दगडफेक?"

"दगड कित्याक मारू? आमी रस्त्यार बसलंव. टोपल्यो घेवन बसलंव."

"मग माझ्या मते यात काही बसत नाही. पण माझं मत म्हणजे अमेरिकेचं मत नव्हे. ठरवायचं तुम्ही."

बाहेर आल्यावर काकी रस्त्यातच थांबल्या. "सुमन, लाजेचा काम मी कधी केलंय नाय. मोर्चाची माका लाज नाय. पण खोटा लिवू नको हां. एक खोटा मी आधीच केलंय, तुया आता सांगलंस म्हणान कळला."

वोटाबद्दल बोलत होत्या.

मी ऑफिसात येऊन अर्ज पुढे भरला. त्या प्रश्नाला 'नाही' लिहिलं. ते खोटं नव्हतं असं मला तेव्हा वाटलं. अगदी शंभर टक्के वाटलं, असं मात्र म्हणणार नाही. शेवटचं बटण दाबायच्या वेळी लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, इंटरनेटचा मॉडेम नव्हता. लाइट आल्यावर सगळं पहिल्यापासून भरलं. या वेळी काकी प्रश्न ऐकायच्या आधीच 'नाय, नाय' करत होत्या. मी तरी प्रत्येक प्रश्न वाचला.

उत्तर तीन प्रकारचं येतं. मंजूर, नामंजूर, किंवा पेंडिंग. आमचं पेंडिंग आलं. बहात्तर तासांच्या आत निर्णय कळेल, असं लिहिलं होतं.

बुधवार दुपारपासून बहात्तर तास म्हणजे शनिवार दुपार. विमान शनिवारी सकाळी.

मी मुंबईला फोन केला. "पेंडिंग का आलं? माझं काही चुकलं का?"

"ते सांगत नाहीत मॅडम."

"परत भरू?"

"अजिबात नको. दोन अर्ज झाले तर आणखी घोळ होईल. थांबा."

प्रकाशचा इंग्लंडहून फोन आला तो चढ्या आवाजातच. "तुमी एजंट मां? ह्या आधी बघूक नको? थंय सुजाता रडता."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. मग मीही विचारलं, "आणि तुम्ही आईला सांगितलं होतं का, की सही केल्यावर ती इथली राहणार नाही म्हणून?"

"तिका समाजला असता?" तो म्हणाला.

"आज समजलं," मी म्हटलं.

गुरुवारी दिवसभर दर तासाला अर्जाचा नंबर टाकून बघत होते. पेंडिंग. दुपारी जेवायला गेले तेव्हाही मन तिथेच. मनात एकच घोळत होतं. नाव विचित्र म्हणून अडलंय? जन्म भारतात आणि देश पोर्तुगाल म्हणून? की तो मोर्चा? तेवढ्यासाठी मालवणच्या पोलीस स्टेशनचं रजिस्टर अमेरिकेत पोचलं असेल, असंही एकदा वाटून गेलं. घाबरलेल्या माणसाला काहीही खरं वाटतं.

संध्याकाळी कुडाळहून काकींची गाडी होती. पाठवायचं की थांबवायचं, ते मला ठरवता येईना. थांबवलं आणि शुक्रवारी परवानगी आली, तर विमान चुकणार. पाठवलं आणि नाही आली, तर म्हातारी बाई मुंबईच्या विमानतळावरून परत फिरणार. शेवटी काकींनाच विचारलं. कुडाळ स्टेशनवर मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिकडे अडवतील म्हणून पिशवीतली सुकट मी काढायला लावली होती. ती त्यांनी मलाच देऊन टाकली.

"सुमन, एक सांग. थंय माका नको म्हणाले, तर परत खंय धाडतले? पोर्तुगालाक?"

त्या दोन दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मला त्या वेळी कळलं. मला वाटत होतं, त्यांना मुलीची काळजी आहे. ती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती. आयुष्यात न पाहिलेल्या देशात आपल्याला नेऊन सोडतील.

"नाय काकी. परवानगी नाय इली तर मुंबयतच अडवतले. विमानात चढूकच देवचे नाय. मगे हयच येतालात."

"मालवणात?"

"मालवणातच."

"मगे जातंय," त्या म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. गाडी यायला अजून वीस मिनिटं होती.

शुक्रवारी सकाळी दादरला काकींच्या पुतण्याने त्यांना उतरवून घेतलं. मी ऑफिस उघडलं तेव्हा पेंडिंग. दहाला पेंडिंग. बाराला लाइट नव्हती. चार वाजता नंबर टाकला आणि स्क्रीन वेगळी दिसली. मंजूर. मी नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख परत जुळवून पाहिली. मग प्रिंट काढली. ती कोणी मागणार नव्हतं, तरी पुतण्याच्या ऑफिसात फॅक्स केली. दोन दिवस का लागले, ते आजपर्यंत मला कळलेलं नाही.

विमानतळावर मी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काकींचे पाय ठणठणीत होते. पण भाषा न येणाऱ्या पॅसेंजरसाठी एजंट ही युक्ती करतात. व्हीलचेअर मागितली की एक माणूस शेवटपर्यंत सोबत राहतो, कुठलं गेट, कुठला फॉर्म, सगळं तो बघतो. काकी खुर्चीत बसायला तयार नव्हत्या असं पुतण्याने सांगितलं. "माझे पाय मोडले काय?" म्हणाल्या. अखेर खुर्चीत पिशवी ठेवली आणि त्या माणसाबरोबर चालत गेल्या.

त्या पोचल्या. तिकडच्या ऑफिसरने बोटांचे ठसे घेतले, सुजाताचा पत्ता विचारला, सोडलं. अठरा दिवसांनी सुजाताला मुलगी झाली. काकी पंच्याऐंशी दिवस राहून परत आल्या. नव्वदच्या आत.

आल्यावर चौथ्या दिवशी त्या माझ्या ऑफिसात हजर. "चल तहसीलात." मी विसरले होते. त्या विसरल्या नव्हत्या. क्लार्कला आम्ही सांगितलं की मतदारयादीतून नाव कमी करायचं आहे, नागरिकत्व परदेशी आहे. "कोणाचं?" त्याने विचारलं. "माझा," काकी म्हणाल्या. त्याने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं, कारण त्यांच्याकडून तो दर रविवारी बांगडे घेत असे. मग त्याने फॉर्म दिला. काकींनी देवनागरीत सही केली आणि बाहेर आल्यावर पदराने डोळे पुसले. आपलं नागरिकत्व परत मिळवण्याचा मार्ग असतो, पण तो लांबचा. त्यासाठी देसाई वकिलांनी त्यांना दुसऱ्या एका वकिलाचा पत्ता दिला. पुढे बरीच वर्षं नागरिकत्वाचा तो अर्ज चालू होता.

मी धंद्यातून निवृत्त होईपर्यंत एक पथ्य पाळलं. परदेशाचं तिकीट काढताना पासपोर्ट हातात घेतला की आधी त्या माणसाला विचारायचे, तुमचा देश कुठला हे तुम्हाला माहीत आहे ना? बहुतेक लोक हसत. काहीजण मात्र हसत नसत. आणि 'व्हिसा लागत नाही' असं कोणी सांगितलं, तर त्याचा अर्थ व्हिसा लागत नाही एवढाच घ्यायचा. काहीच लागत नाही, असा नाही.